फोटोबाहेरचा हात

आज तुमच्याशी एका फार लहान गोष्टीविषयी बोलायचं आहे. लहान म्हणजे किती, तर साडेतीन सेंटिमीटर रुंद आणि साडेचार सेंटिमीटर उंच. पासपोर्टवर लावायचा फोटो. आणि तोही तान्ह्या बाळाचा.

माझा मुलगा आखातात नोकरीला आहे. आमच्या कोकणात हे काही नवल नाही. आमच्या घरात आजोबा बोटीवर होते. १९७० नंतर आखातात तेलाचा पैसा आला आणि गावागावांतली तरणी पोरं तिकडे गेली. तर सून बाळंतपणाला माहेरी आली होती. नात झाली. चाळिसावं न्हाऊन झालं, बाळ आमच्या घरी आलं आणि चारच दिवसांत मुलाचा फोन आला, "अब्बा, तिच्या पासपोर्टचं बघा." बाळ दीड महिन्याचं असो की दीड वर्षाचं, परदेशी जायचं तर त्याचा स्वतःचा पासपोर्ट लागतो. पासपोर्टला फोटो लागतो. मोठ्या माणसांचा फोटो पासपोर्टच्या केंद्रातच घेतात. चार वर्षांखालच्या मुलांचा मात्र आपण काढून न्यायचा असतो. मला वाटलं, त्यात काय मोठंसं? तालुक्याला जाऊ, दहा मिनिटांचं काम.

त्या दहा मिनिटांना आम्हाला नऊ दिवस लागले.

बाजारपेठेत एक फोटो स्टुडिओ आहे, वडिलांकडून मुलाकडे आलेला. त्याने आम्हाला अटी सांगितल्या. मागची बाजू पांढरी हवी. चेहरा समोर हवा. डोळे उघडे, तोंड मिटलेलं. चेहऱ्यावर सावली नको. टोपडं नको, खुळखुळा नको आणि दुसऱ्या कुणाचा हात दिसता कामा नये. मग बाळाच्या कपाळाकडे बघून म्हणाला, "ही तीट पुसा. फोटोत जन्मखूण वाटेल."

पहिला तंटा तिथेच झाला. बाळाला घेऊन घराबाहेर पडायचं आणि काजळाची तीट पुसायची? आमच्या घरातून सक्त नकार. शेवटी पाच मिनिटांपुरती तीट पुसायची आणि लगेच पुन्हा लावायची, असा तह झाला. तोवर बाळ झोपी गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाळ जागं होतं, पण रडत होतं. तिसऱ्या दिवशी रडत नव्हतं, पण मान एका बाजूला कलत होती. फोटोवाल्याने चाव्यांचा जुडगा वाजवला, चुटक्या वाजवल्या, मांजराचा आवाज काढला. बाळाने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती आपली वरच्या पंख्याकडे बघत राहिली. तेव्हा फोटोवाला म्हणाला, "काका, माझ्या वडिलांची एक युक्ती आहे." त्याने सुनेला स्टुलावर बसवलं, तिच्या डोक्यावरून पायापर्यंत पांढरी चादर टाकली आणि चादरीवर, तिच्या मांडीत, बाळ बसवलं. चादरीआडून तिच्या हातांनी बाळाला धरलं होतं. आईचा वास आला, हात ओळखीचा लागला, बाळ शांत झालं. फोटो निघाला. आम्ही आनंदात घरी आलो.

ठरल्या दिवशी कागदपत्रं घेऊन खिडकीवर गेलो. तिथल्या माणसाने फोटो जवळ धरून पाहिला आणि परत दिला. म्हणाला, "बोटं दिसतायत. दुसरा आणा." खरंच, बाळाच्या बगलेखालून दोन बोटांची टोकं बाहेर आली होती.

त्या दिवशी एसटीने परत येताना मी चिडलो होतो. ज्या जिवाला स्वतःची मान धरता येत नाही, त्याने एकट्याने, कुणाच्या आधाराशिवाय, सरकारसमोर ताठ बसावं, ही कुठली अट? पण चिडून झालं की मला एक सवय आहे. ही गोष्ट आली कुठून, ते मी शोधू लागतो. तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

आधी बाळाची बाजू. नवजात बाळाची मान साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सावरते. दिवसाचे सोळा-सतरा तास ते झोपेत असतं. त्याला स्वच्छ दिसतं ते वीस-तीस सेंटिमीटरवरचं, म्हणजे पदराखाली घेतलेल्या बाळापासून आईचा चेहरा जेवढ्या अंतरावर असतो तेवढं. त्यापलीकडचा कॅमेरा त्याला नुसता धूसर ठिपका. म्हणजे निसर्गाने बाळाला जे एकच चित्र पाहायला दिलं आहे, नेमकं तेच फोटोच्या चौकटीतून बाहेर काढायचं, असा हा मामला आहे. बाळ हट्टी नसतं. त्याला जे जमत नाही, ते आपण मागत असतो.

आता कॅमेऱ्याची बाजू. १८३९ साली पॅरिसमध्ये दागेर याची फोटो काढण्याची रीत जाहीर झाली. सुरुवातीला एका चित्राला काही मिनिटं लागत. पुढे भिंगं सुधारली, रसायनं सुधारली, १८५१ नंतर काचेच्या ओल्या पट्ट्यांवर काही सेकंदांत काम होऊ लागलं. पण ते सेकंद मोठ्या माणसालाही जड जात. मान हलू नये म्हणून मागून लोखंडी आधार लावत. जुन्या फोटोंतली माणसं इतकी गंभीर का दिसतात, त्याचं एक कारण हेच आहे. पाच-दहा सेकंद हसू टिकवणं अवघड, गंभीर राहणं सोपं. पण बाळाला लोखंडी आधार कसा लावणार? त्याला एकच आधार ठाऊक, आईचा.

मग युरोप-अमेरिकेतल्या फोटोवाल्यांनी काय केलं? त्यांनी आईला खुर्चीत बसवलं, तिच्यावर पडदा नाहीतर सतरंजी टाकली, तिला खुर्चीसारखी करून टाकली आणि तिच्या मांडीवर बाळ ठेवून फोटो काढला. कधी आई खुर्चीमागे दडे आणि तिचा एक हात तेवढा बाळाच्या कमरेला दिसे. नंतर फोटोभोवती पुठ्ठ्याची महिरप लावली की आई झाकली जाई. असे शेकडो फोटो आज सापडतात. संग्राहक त्यांना 'लपलेली आई' म्हणतात. लिंडा फ्रेन्यी नागलर या कलावतीने असे हजाराच्या आसपास फोटो जमवले. २०१३ साली व्हेनिसच्या मोठ्या कलाप्रदर्शनात ते मांडले गेले आणि त्यांचं पुस्तकही निघालं. त्यांतले काही मी पाहिले आहेत. पहिल्यांदा पाहताना भीती वाटते. बाळ गोंडस, आणि त्याच्या मागे कापडाखाली एक बिनचेहऱ्याचा मनुष्याकार. दुसऱ्यांदा पाहताना मात्र नजर बाळावरून हटते आणि त्या कापडाच्या घड्यांत हात कुठे आहे, ते शोधू लागते.

आमच्या तालुक्याच्या फोटोवाल्याने सुनेवर चादर टाकली ना, ती युक्ती अशी दीडशे वर्षांची होती. त्याला ते ठाऊक नव्हतं. त्याच्या वडिलांनाही नसावं. अडचण तीच असली की माणसाचं डोकं तीच वाट शोधतं.

आपल्याकडेही कॅमेरा लवकर आला. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातले नावाजलेले फोटोग्राफर. पण घरातल्या बायका कॅमेऱ्यासमोर येणं ही त्या वेळी सोपी गोष्ट नव्हती. लाला दीनदयाळ यांनी १८९२ साली हैदराबादकडे पडदानशीन स्त्रियांसाठी खास जनाना स्टुडिओ उघडला. आत फोटो काढायला एक इंग्रज बाई नेमली होती. ही सोय अर्थात बड्या घराण्यांसाठी. गावाकडच्या बाईला असा स्टुडिओ कुठला?

आता पासपोर्टची बाजू. १९१४ पर्यंत पासपोर्टवर फोटो नसे. असायचं ते वर्णन. उंची अमुक, कपाळ रुंद, नाक सरळ, हनुवटी गोल. अशा वर्णनाची हजार माणसं कुठल्याही बंदरावर सापडतील. पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि जर्मनीचा कार्ल हान्स लोडी नावाचा हेर ब्रिटनमध्ये उतरला. त्याच्यापाशी पासपोर्ट होता अमेरिकन, चार्ल्स इंग्लिस नावाच्या दुसऱ्याच माणसाचा. पासपोर्ट अस्सल, फक्त माणूस वेगळा. लोडी पकडला गेला आणि ६ नोव्हेंबर १९१४ रोजी लंडनच्या टॉवरमध्ये त्याला गोळ्या घालण्यात आल्या. त्या वर्षाच्या अखेरीस अमेरिकेने पासपोर्टला फोटो सक्तीचा केला. १९१५ साली ब्रिटनने नवा पासपोर्ट काढला, घडी घातलेला एकच कागद, पुठ्ठ्याच्या वेष्टनात. त्यावर वर्णनही होतं आणि फोटोही. हिंदुस्थानातही महायुद्धाच्या काळातच पासपोर्टची सक्ती आली आणि १९२० साली त्यासाठी कायदा झाला. म्हणजे आमच्या नातीने पांढऱ्या कापडासमोर मान ताठ धरावी, या अटीच्या मुळाशी एक हेर आहे.

पण त्या सुरुवातीच्या फोटोंना फारसे नियम नव्हते. घरात जो फोटो असेल तो लोक लावत. कुणी टोपी घातलेला, कुणी बागेत बसलेला. आणि मुलांचं काय? मुलं आईबापाबरोबरच असत. एका पासपोर्टवर अख्खं कुटुंब जाई. आई खुर्चीत, एक पोर मांडीवर, दोन बाजूला उभी, असा घरगुती फोटो कापून पासपोर्टवर चिकटवलेला असे. बायकोचीही तीच गत. पासपोर्ट नवऱ्याचा आणि त्यात 'सोबत पत्नी' एवढीच तिची नोंद. आज ते वाचताना राग येतो आणि तो यायलाच हवा. पण बाळापुरतं बोलायचं तर त्याला त्या काळात कुणी एकट्याने बसायला सांगितलं नव्हतं.

आपल्याकडेही आईबापाच्या पासपोर्टात मुलांची नावं लिहिण्यासाठी जागा असे. माझ्या मावशीचा जुना पासपोर्ट मी पाहिला आहे. त्यात शाईने ओळीने तीन मुलांची नावं, जन्मतारखा आणि पुढे मुलगा की मुलगी, एवढंच होतं. ती मुलं आईच्या नावावर समुद्र ओलांडून गेली.

मग हे बदललं का? इथे मला माझा राग थोडा आवरावा लागला. मूल आईच्या पासपोर्टवर असलं की ते बापाच्याही पासपोर्टवर असू शकतं. नवराबायकोचं भांडण झालं की कुणीही एकाने मूल उचलावं आणि देशाबाहेर न्यावं, हे सोपं होतं. त्याहून वाईट म्हणजे, पासपोर्टात नुसतं नाव आणि जन्मतारीख असेल, तर त्या नावावर दुसरंच कुठलं तरी मूल नेता येतं. मुलांची ने-आण करणाऱ्या टोळ्यांना आणखी काय हवं? म्हणून एक माणूस, एक पासपोर्ट हे धोरण जगभर आलं. ब्रिटनने ऑक्टोबर १९९८ पासून मुलांना वेगळा पासपोर्ट लावला. युरोपीय संघात २६ जून २०१२ पासून आईबापाच्या पासपोर्टातली मुलांची नोंद चालेनाशी झाली. आपल्याकडेही आता प्रत्येक मुलाचा पासपोर्ट वेगळा. तो पाच वर्षांचा किंवा अठरा वर्षं पुरी होईपर्यंत, जे आधी येईल तोवरचा. मूल एकटं बसवायचं ते त्याला कुणी चोरून नेऊ नये म्हणून. हे कळल्यावर खिडकीवरच्या त्या माणसावरचा माझा राग निम्मा उतरला.

उरलेला निम्मा राग मात्र यंत्रावर आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १९८० साली यंत्राने वाचता येणाऱ्या पासपोर्टचे नियम प्रसिद्ध केले. हाताने लिहिलेले पासपोर्ट हळूहळू गेले. २४ नोव्हेंबर २०१५ नंतर ते जगात कुठे चालू नयेत, असं ठरलं. त्याआधी २००२ साली बर्लिनच्या बैठकीत एक निर्णय झाला होता. माणूस ओळखण्यासाठी यंत्राने मुख्यतः काय पाहायचं? बोटांचे ठसे, डोळ्यांची बुब्बुळं की चेहरा? चेहरा ठरला. चेहरा यंत्राने मोजायचा म्हटल्यावर तो सगळ्यांचा एकसारखा हवा. समोर बघणारा, न हसणारा, सावली नसलेला. दीडशे वर्षांपूर्वी माणसं हसू टिकत नाही म्हणून फोटोत हसत नसत. आज यंत्राला चालत नाही म्हणून हसत नाहीत.

पण बाळाचा चेहरा मोजून उपयोग काय? दीड महिन्याच्या फोटोवरून चार वर्षांची पोर कुठलं यंत्र ओळखणार? आजीही ओळखणार नाही. हे सरकारांना कळत नाही असं नाही. म्हणूनच ब्रिटनच्या नियमांत एक वर्षाखालच्या बाळाचे डोळे मिटलेले असले तरी चालतात. डोक्याला हाताचा आधार दिला तरी चालतो, मात्र हात दिसता कामा नये. अमेरिकेचे नियम सांगतात, बाळाला पांढऱ्या चादरीवर निजवा आणि वरून फोटो घ्या. आपल्या आधार कार्डाचं पाहा. पाच वर्षांखालच्या मुलाचे ठसे घेत नाहीत, बुब्बुळं टिपत नाहीत. फोटो तेवढा घेतात आणि आई किंवा बापाच्या ठशाशी मूल जोडतात. ठसे पुढे, पाच वर्षांचं झाल्यावर. तिथे निदान कागदाने कबूल केलं आहे की हे मूल कुणाच्या तरी हातात आहे.

हे सगळं वाचत असताना मला माझ्या कपाटातला एक फोटो आठवला. खरं सांगायचं तर त्या फोटोमुळेच आज मी हे बोलतो आहे.

तो माझा फोटो आहे, मी सातआठ महिन्यांचा असतानाचा. माझे मामा तेव्हा कुवेतला होते. त्यांनी पत्रातून भाच्याचा फोटो मागवला. आमच्या घरी फोटो काढणं वडीलधाऱ्यांना पसंत नव्हतं. आजोबांचासुद्धा एकच फोटो होता, हजच्या पासवरचा, आणि तोही नाइलाज म्हणून काढलेला. पण भावाची मागणी आईला मोडवेना. ती मला घेऊन तालुक्याला गेली. त्याच स्टुडिओत, आताच्या फोटोवाल्याच्या वडिलांकडे. स्वतः फोटोत यायला तयार नव्हती. मला उंच खुर्चीत बसवलं आणि ती खुर्चीमागे बसली. मी कोसळू नये म्हणून तिने बाजूने हात पुढे घेऊन मला धरलं. फोटोत मी आहे, डोळे विस्फारलेले, आणि माझ्या पोटावर एक हात आहे. मनगटात काचेच्या बांगड्या. करंगळीशेजारच्या बोटात अंगठी.

दोन प्रती काढल्या. मामांना पाठवलेल्या प्रतीतून फोटोवाल्याने हात कापून टाकला, फोटो नीट दिसावा म्हणून. घरची प्रत तशीच राहिली. मी सहा वर्षांचा असताना कावीळ होऊन आई गेली. तिचा दुसरा फोटो नाही. तिचा चेहरा मला आठवतो असं मी सांगतो, पण आठवतो तो चेहरा खरा की माझ्या मनाने रचलेला, हे मला ठरवता येत नाही. हाताबद्दल मात्र मला शंका नाही.

आता पुढचं सांगतो. बोटं दिसतात म्हणून फोटो परत आल्यावर दोन दिवसांनी आम्ही पुन्हा फोटोवाल्याला गाठलं. या वेळी त्याला घरीच बोलावलं. दुपारी बाळाचं न्हाणं झालं, पोटभर पिऊन झालं, तेव्हा पडवीत उजेडाला जमिनीवर पांढरी चादर पसरली, बाळाला त्यावर निजवलं आणि फोटोवाला स्टुलावर चढून उभा राहिला. सून त्याच्या खांद्यामागून वाकून बाळाशी बोलत होती. बाळाने आवाजाच्या दिशेने पाहिलं. डोळे उघडे, तोंड मिटलेलं. फोटो निघाला आणि तो खिडकीवर पासही झाला. आमच्या घरातून लगेच तीट लावण्यात आली. ठरल्यापेक्षा जरा मोठीच.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी असा प्रसंग आला, तर ही रीत लक्षात ठेवा. पोट भरलेलं, झोप झालेली, दिवसाचा उजेड, खाली पांढरी चादर आणि फोटोवाल्याच्या मागे आई. घाई करायची नाही. रडू लागली तर त्या दिवशी सोडून द्यायचं.

पासपोर्ट आला. नात आणि सून विमानाने गेल्या. त्या पासपोर्टवर नात एकटी आहे. ते तिच्या भल्याचं आहे, हे मला आता पटलं आहे. पण त्या फोटोत ती जिकडे पाहते आहे, तिकडे चौकटीबाहेर तिची आई वाकून उभी आहे, हे मला दिसतं. खिडकीवरच्या माणसाला ते दिसायचं कारण नाही. त्याचं काम निराळं.

नंतर मी स्टुडिओत गेलो आणि नाकारलेल्या त्या पहिल्या फोटोची एक मोठी प्रत मागितली. फोटोवाला म्हणाला, "काका, तो वाया गेलेला फोटो आहे. मी कंप्युटरवर बोटं पुसून देतो." मी म्हटलं, "पुसू नकोस बाबा. बोटांसकट दे."

तो फोटो आता कपाटात माझ्या फोटोशेजारी ठेवला आहे.